पोटात काही न ठेवणारी

तिच्या पोटात काही राहत नाही. जे दुखतं ते ती बोलून दाखवते आणि मोठ्यानं बोलते. मागच्या चाकाचं बेअरिंग जायला लागलं की वळणावर घरघरते. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस सैल झाला की क्लच सोडताना खालून एकच ‘टक्’ ऐकू येतं. फॅनचा पट्टा ढिला असला तर सकाळी चालू केल्या केल्या किंचाळते. हल्लीच्या गाड्या बिघडेपर्यंत गप्प असतात आणि बिघडल्या की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लावून मोकळ्या होतात. ही आधीपासून सांगत राहते. ऐकलं नाही तर पुन्हा सांगते आणि तरीही दुर्लक्ष केलं तरच रस्त्यात थांबते. माणसांत असा स्वभाव फार जणांना सोसत नाही. पण चिखलात, घाटात, मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी न्यायच्या गाडीत यापेक्षा चांगला स्वभाव मला माहीत नाही.

ही सीजे ५०० डी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची महिंद्राची डिझेल जीप, कोल्हापूर-राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातून आलेली. माझ्या भाच्याची ही पहिली गाडी. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरी करतो. पगार बेताचा. डोक्यात मात्र कॉलेजपासून एकच गोष्ट : जिथं डांबर संपतं तिथून पुढं जाणारी गाडी स्वतः उभी करायची. हातात साडेतीन लाख होते. एवढ्यात नवी थार येत नाही, चांगली जुनी थारही अवघड. मारुती जिप्सी हलकी, हजार किलोच्या आतली, चिखलात फार चपळ. पण तिचं उत्पादन थांबल्यापासून धडधाकट जिप्सीचे भाव हौशी लोकांनी चढवून ठेवलेत, आणि ती पेट्रोलवर चालते. उरली ही. भाच्यानं तिला पसंत केलं हे खरंच, पण त्याच्याआधी त्याच्या पैशानं तिला पसंत केलं, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडं बहुतेक चांगल्या सोयरिकी अशाच जमलेल्या असतात.

हिचं घराणं लढाईतलं. १९४० साली अमेरिकन लष्कराला चारही चाकांना जोर मिळणारी हलकी गाडी घाईनं हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पहिला नमुना करून दिला आणि पुढं विलीज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनवल्या. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. १९५३ मध्ये विलीजनं जास्त उंचीचं इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट वर उचललं आणि सीजे ३बी ही उंच कपाळाची जीप निघाली. अमेरिकेत ते रूप १९६८ पर्यंत टिकलं. आपल्याकडं त्यानंतरही कितीतरी वर्षं तोच चेहरा पोलीस, पाटबंधारे, वनखातं आणि साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याच्या दारात दिसत राहिला.

हिच्या बॉनेटखाली मात्र अमेरिकन जीपचं पेट्रोल इंजिन नाही. १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्यांच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या भावकीतलं हे २३५० सीसीचं डिझेल इंजिन. म्हणून ही अंगणात नुसती उभी राहून चालत असली तरी घरातल्यांना बाहेर ट्रॅक्टर आल्यासारखं वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यात याचा मोठा फायदा आहे. उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात हे इंजिन उघडून बसवलेला माणूस भेटतो. पहिल्यांदा गाडी उभी करणाऱ्यानं मॉडेल निवडताना इंटरनेटवरची मापं वाचण्याआधी हे बघावं, की आपल्या पंचक्रोशीत तिचं दुखणं कळणारा कोण आहे.

तिच्या अंगावर तिचं आयुष्य वाचता येतं. मागच्या पत्र्याला बारीक खड्डे पडलेत, तेही ठरावीक पट्ट्यात. तिथं खताची पोती असायची. युरिया आणि पोटॅश ओल लागली की पत्रा खातात. मागच्या फळीची वरची कड एकाच जागी झिजून गुळगुळीत झाली आहे, कारण त्या जागेवरून दुधाचे कॅन ओढले गेले. बाकांच्या जागी कंपनीच्या भोकांशेजारी आणखी चार भोकं पाडलेली आहेत, म्हणजे मधल्या काळात जास्त माणसं बसवायला लांब बाकं टाकली होती. वडाप मारलं असणार. एअर क्लीनर उघडला तर खालच्या तेलात उसाच्या पाचोळ्याचे तुकडे. तिनं आयुष्यभर काम केलं आहे, मिरवलेली नाही. मला तिच्याबद्दल आदर वाटला तो इथं.

आणि एक गोष्ट कमी होती. पुढच्या ॲक्सलला जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर नव्हता. डिझेल वाचावं म्हणून मालकानं तो कधीकाळी काढून ठेवला होता. विचारल्यावर त्यानं गोठ्यात नेऊन दाखवला : आढ्याला सुतळीनं बांधलेला, कोळिष्टकांनी भरलेला, पण ग्रीस मारून गोणपाटात गुंडाळलेला. ज्यानं काढलेला शाफ्ट असा जपून ठेवला, त्यानं बाकीची गाडीही जपली असणार, हे त्या गोणपाटानंच सांगितलं. सौदा त्याच दिवशी झाला. एक लाख साठ हजार.

पैसे देण्याआधी भाच्यानं एक काम मात्र नीट केलं होतं. चेसिसवरचा नंबर घासून स्वच्छ करून आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिला, इंजिनाचाही. जुन्या जीपांचं सगळ्यात मोठं दुखणं इंजिनात नसतं, कागदात असतं. यातल्या बऱ्याच जीपा कंपनीतून दोनच चाकांना जोर असलेल्या निघाल्या, मग कुणी भंगारातला पुढचा ॲक्सल आणून बसवला. कुणी दुसऱ्याच गाडीचं इंजिन चढवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहिला तर कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध केलेला बदल चालत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण आहे, पर्यावरण कर आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींची नूतनीकरणाची फी दहा हजार केली. स्वस्तातली गाडी आरटीओच्या दारात महाग पडते ती अशी. हिची कागदपत्रं सरळ होती. चारचाकी जोर कंपनीचा, इंजिन जन्माचं.

भाच्याची एक वही होती. तिच्या पहिल्या पानावर मोठे टायर, पाटे उंच करायचं किट, विजेवर चालणारा विंच, छपरावर दिव्यांची पट्टी, पुढं जाड पाइपचा बुल बार आणि मिलिटरी हिरवा रंग एवढं लिहिलेलं होतं. बेरीज गाडीच्या किमतीच्या पुढं गेली होती. ती वही घेऊन आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं गेलो. साठी ओलांडलेले, आयुष्य जीप आणि ट्रॅक्टरखाली गेलेले. त्यांनी वही वाचली, परत दिली आणि म्हणाले, “पोरा, ही वही मागनं लिही. पळती हे मला म्हाईत हाय. आधी थांबती का बघ.”

शिवाजी उद्यमनगराबद्दल बाहेरच्यांना फार माहिती नसते, म्हणून थोडं सांगतो. याच शहरात बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा घडवला, परदेशातून विकत आणता येईना म्हणून. याच शहरात म्हादबा मिस्त्रींसारख्या कारागिरांनी ऑइल इंजिनं बनवली, ती उसाला पाणी देणाऱ्या विहिरींवर आणि गुऱ्हाळांवर चालली. त्या परंपरेतून इथल्या फाउंड्र्या आणि लेथ उभ्या राहिल्या. आज उद्यमनगरच्या गल्ल्यांतून चालत गेलं तर एका दुकानात क्रँक घासून मिळतो, पुढच्या गल्लीत ड्रम टर्न होतात, त्यापुढं पाट्यांचं काम, आणि कोपऱ्यावर शॅकलसाठी गनमेटलचा बुश तुमच्यासमोर कातून हातावर गरम गरम ठेवतात. जो भाग बाजारात मिळत नाही तो इथं करून मिळतो. थोड्या पैशांत जुनी गाडी उभी करायची तर अशा गावात राहणं हीच निम्मी पुंजी आहे, आणि ती भाच्याच्या वहीत कुठंच लिहिलेली नव्हती.

वही मागून लिहिली गेली. ब्रेक, स्टेअरिंग आणि पुढचा ॲक्सल यांना ५५ हजार. इंजिन, रेडिएटर, वायरिंग मिळून २५. टायरना ४०. कागद आणि विम्याला २०, चिखलातून ओढून काढायच्या सामानाला १०. ४० हजार शेवटच्या पानावर, “न दिसणाऱ्या कामाला” म्हणून. रंगासमोर शून्य.

तिचं पहिलं मोठं गाऱ्हाणं होतं थरथरण्याचं. गावाकडून कोल्हापुरात आणताना एका खड्ड्यावरून गेली आणि पुढची दोन्ही चाकं फडफडायला लागली. स्टेअरिंग हातातून सुटायला बघत होतं, बॉनेट थडथडत होतं, वेग पार खाली आणल्यावरच शांत झाली. जुन्या जीपवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे आणि बहुतेक जण त्यावर स्टेअरिंगला एक डँपर बसवून गप्प बसतात. म्हणजे ती बोलतेय तर तिच्या तोंडावर हात ठेवायचा. मिस्त्रींनी तसं केलं नाही.

त्यांनी पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला. टायर वर आणि खाली दोन्ही हातांनी धरला आणि आत-बाहेर हलवला. खट्. मग भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवला. पुन्हा खट्. “ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर चाकाचं बेअरिंग. गेला न्हाई, म्हंजे किंगपिन.” मग टायर दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरला आणि डावी-उजवीकडं हलवला, तिथं टाय रॉडचा खेळ वेगळा निघाला. दोन आजार, आवाज जवळजवळ सारखा, आणि कुठला कुठून येतो हे हाताला कळलं.

किंगपिनची टोपी काढली की खाली अगदी पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, शिम. बेअरिंग झिजलं की तिथं जागा होते आणि चाक त्या जागेत नाचतं. नवी बेअरिंग घातली आणि मग शिमचा हिशेब सुरू झाला. एक काढली तर चाक जड वळतं, घातली तर सैल. मिस्त्रींनी टाय रॉड सोडवला, त्याच्या भोकात हुकाचा वजनकाटा अडकवला आणि हलक्या हातानं ओढून किती किलोला चाक वळायला लागतं ते पाहिलं. डावं आणि उजवं एका मापावर येईपर्यंत शिम बदलत राहिले. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. भाचा शेजारी उकिडवा बसून, जिभेच्या टोकावर आलेला प्रश्न गिळत, ती प्रत्येक शिम बघत होता. त्या दुपारी तो गाडीचा मालक झाला असं मी समजतो. सौदा झाला त्या दिवशी नव्हे.

ब्रेक चारही ड्रमचे. मास्टर सिलिंडर नवा घेतला, चाकातले सिलिंडर बदलले, रबरी होज सगळे बदलले, कारण ते बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. ड्रम टर्न करून आणले. मग मिस्त्रींनी पेडल दाबून तसंच धरून ठेवायला लावलं. मिनिटभरात पेडल खाली सरकलं तर कुठंतरी तेल गळतंय. सरकलं नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ओले असतात आणि ब्रेक लागत नाहीत. थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून चालवली की सुकतात. हेही तिनं पहिल्याच ओढ्यानंतर सांगितलं, आणि सुदैवानं चढावर सांगितलं.

इंजिनाला जवळजवळ हात लावला नाही. पंप आणि नोझल तपासून आणले, फिल्टर बदलले, वाल्व्हची फट जमवली. पैसे घातले ते रेडिएटरमध्ये. लो गिअरमध्ये चढ चढताना गाडी माणसाच्या चालीनं चालते, समोरून वारा लागत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोरात असतं. हमरस्त्यावर कधीही न तापणारी जीप पाणंदीत तापते ती यामुळं. रेडिएटर सोडवून, आतला क्षार काढून, फॅनची झाकणपट्टी परत बसवून घेतली. ती पट्टी बहुतेक जुन्या जीपांत हरवलेली असते आणि तिचं मोल कुणाला वाटत नाही.

टायरचा वाद बराच चालला. तिचा मूळ आकार सहाशे सोळा. अरुंद, उंच, ट्यूबचा. भाच्याला रुंद हवे होते, फोटोत दिसतात तसे. पण रुंद टायर म्हणजे वेगळे रिम, वळताना पाट्याला घासणं, आणि नुकत्याच जमवलेल्या किंगपिनवर जास्त ताण. शिवाय आपल्या जिल्ह्यातली जमीन काय सांगते ते बघावं. पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती ओली झाली की कणकेसारखी चिकटते आणि तिच्याखाली टणक थर असतो. अरुंद टायर ती माती कापून त्या थरावर पोचतो, रुंद टायर वरच तरंगून घसरतो. पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं लाल जांभ्याची जमीन. तिथं पावसाळ्यात दगडावर शेवाळ असतं आणि टायरपेक्षा चालवणाऱ्याचा पाय कामाला येतो. सहाशे सोळाच घेतले, जीपचे, ठोकळे असलेले. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा आकारही सहाशे सोळाच असतो आणि तो स्वस्तात मिळतो म्हणून काही जण तोच चढवतात. ते करू नये. तो टायर शेतातल्या वेगासाठी बनवलेला असतो, रस्त्यावर पन्नासनं जाण्यासाठी नाही.

चिखलात हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, हे खरं आहे. पण हिच्यात ट्यूब आहे. हवा फार कमी केली तर टायर रिमवर फिरतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वाल्व्ह मुळापासून तुटतो. म्हणून वीस पीएसआयच्या खाली नको, आणि परत भरायला पंप जवळ हवाच.

बुल बार गेला, कारण केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आणि ते योग्यच आहे. तो पाइप समोर आलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असतो. विंच गेला. त्याच्या जागी चेसिसला बोल्टनं पक्के केलेले दोन हूक, एक चांगला पट्टा, दोन शॅकल आणि हातानं ओढायची चेन-पुली आली. उंच करायचं किट गेलं. ही मुळातच उंच आहे, आणखी उचलली तर प्रॉपेलरचा कोन बिघडतो आणि उतारावर कलंडायची भीती वाढते. मिलिटरी हिरवा रंगही गेला, आणि त्याचं भाच्याला खरंच वाईट वाटलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवतो. तिच्या घराण्याचा रंग तिला लावता येत नाही. सध्या ती राखाडी प्रायमरमध्ये आहे, जागोजागी पुटीचे डाग, आणि माझ्या डोळ्यांना तशीच बरी दिसते.

जुलैत एका ओल्या पाणंदीतून तिला पहिल्यांदा लोमध्ये टाकली. गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे आहेत. एकानं पुढच्या चाकांना जोर जातो, दुसऱ्यानं हाय किंवा लो. लोमध्ये चाकावरचा जोर जवळजवळ अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. दोन्ही दांडे बसले, पहिला गिअर पडला, क्लच सुटला आणि भाच्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ती आपली आपण निघाली. चाकं चिखलात मुरली, पाटे एका बाजूला दबले, दुसऱ्या बाजूला उचलले, अंग करकरलं, पण इंजिनाचा सूर हलला नाही. जोर लागला की पंपातला गव्हर्नर डिझेल वाढवतो, जोर सरला की कमी करतो. रस्त्यावर साठच्या पुढं सतत कुरकुरणारी ही बाई इथं एकदम समजूतदार झाली. उतारावरही तसंच : ब्रेकला पाय लावायचा नाही, पहिला गिअर आणि लो, मग ती स्वतःला धरून खाली उतरते. ऊस बांधाला लागून उभा होता, पानं दोन्ही बाजूंनी पत्र्यावर घासत होती. एका शेतकऱ्यानं बाजूला होऊन वाट दिली आणि हसून विचारलं, “महिंद्रा मेजर हाय का पाचशे?” भाच्यानं अभिमानानं सांगितलं, “पाचशे हाय, काका.”

तिच्या मर्यादाही तिच्या तोंडूनच कळतात. तिचे दोन्ही डिफरन्शियल साधे आहेत. तिरक्या कोपऱ्यांतलं एक चाक पुढचं आणि एक मागचं हवेत गेलं की तीच दोन फिरत बसतात आणि जमिनीवरची दोन थांबून राहतात. लॉकर बसवायचे तर त्या पैशांत आणखी अर्धी जीप येईल. म्हणून उतरून, पायानं चालून, कुठल्या दगडावर कुठलं चाक ठेवायचं ते आधी ठरवावं लागतं. हे शिकणं फुकट आहे आणि हिच्यावर ते लवकर येतं.

पाण्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ ला पुन्हा पूर आला. अशा वेळी जीपवाल्याकडं लोक आशेनं बघतात, आणि जुनं डिझेल इंजिन विजेवर अवलंबून नाही म्हणून ते पाण्यातही चालतं, असं सांगतात. चालतं, हवेच्या वाटेत पाणी जात नाही तोवर. एकदा गेलं की पिस्टनला दाबायला हवेऐवजी पाणी येतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या पाण्यातून, तळ माहीत असेल तर, हबपर्यंत. वाहत्या पुराच्या पाण्यात नाही, कुणी कितीही विनंती केली तरी नाही. ते काम बोटींचं आहे. आणि पाण्यातून आल्यावर दोन्ही ॲक्सलच्या हाऊजिंगचं ऑइल काढून बघायचं. दुधाळ झालं असेल तर त्याच दिवशी बदलायचं.

आणि जाता येतं म्हणून जिथं जाऊ नये तिथं जायचं नाही. दाजीपूर-राधानगरीचं अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथं ठरवलेला रस्ता सोडून चाक टाकणं गुन्हा आहे. मसाई पठारावर पावसानंतर फुलं येतात ती जांभ्यावरच्या बोटभर मातीत. त्यावरून चाक एकदा गेलं की तो माग वर्षानुवर्षं राहतो. तिथं मळलेली वाट सोडणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत, चांगल्या महागड्या, आणि मला चीड येते. पाणंद आहे, ओळखीच्याचं शेत आहे, बंद पडलेली खाण आहे. शेतकऱ्याला विचारून जा, उसाच्या सरीत चाक घालू नका, आणि पाणंद खचवली असेल तर चार दगड टाकून या.

तुम्हीही अशी जुनी जीप बघायला निघालात तर मालकाला आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगा : मी येईपर्यंत चालू करू नका. सकाळी लवकर जा. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना बघा, मगच सेल्फ मारा आणि मागं जाऊन उभे राहा. पहिला पांढरा धूर थोड्या वेळात जाऊ द्या. काळा येत राहिला तर पंप-नोझलचा खर्च धरा. निळा येत राहिला तर ती ऑइल पितेय. किंमत उतरवा नाहीतर नमस्कार करून निघा.